घटस्फोटाची कटुता आणि खुनाची दोषसिद्धी : अपिलात नेमके काय तपासले जाते

आपण विचारलेला प्रश्न प्रथम थोडक्यात मांडतो. आपले बंधू आणि त्यांची पत्नी यांच्यात चार वर्षे घटस्फोटाचा दावा चालला होता; पोटगी, मुलीचा ताबा आणि राहता फ्लॅट या तिन्हींवरून तो अत्यंत कडवटपणे लढला गेला. घटस्फोटाचा हुकूमनामा झाल्यानंतर काही आठवड्यांनी ती तिच्या भाड्याच्या घरात भोसकलेल्या अवस्थेत मृत आढळली. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नाही. घटनेच्या संध्याकाळी आपल्या बंधूंना जिन्यावर पाहिल्याचे शेजारी सांगतो. मोबाइलचे टॉवर लोकेशन त्याच भागातले आहे. त्यांच्या घरातून रक्ताचे डाग असलेला शर्ट जप्त झाला. आजोळी असलेल्या नऊ वर्षांच्या मुलीने फोनवर आईचे "तू इथे कशाला आलास?" हे शब्द ऐकल्याचे न्यायालयात सांगितले. सत्र न्यायालयाने भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ खाली जन्मठेप ठोठावली आहे. ही दोषसिद्धी टिकेल का, आणि आता काय करावे, असे आपण विचारता.

बंधू निर्दोष आहेत की नाहीत, हे मी सांगू शकत नाही. केवळ निकालपत्र वाचून तसे सांगणाऱ्या वकिलावर आपणही विश्वास ठेवू नये. मात्र निकालपत्राचा जो मजकूर आपण दिला आहे, त्यावरून पुराव्याच्या अनेक दुव्यांमधली फट घटस्फोटाच्या कटुतेने बुजवलेली दिसते, आणि अपिलाचा खरा मुद्दा तोच आहे. अशा प्रकरणात मी नेहमी एक गोष्ट करतो: निकालपत्रातील वैवाहिक कलहाविषयीचे सर्व परिच्छेद बाजूला ठेवतो आणि उरलेला पुरावा, जणू आरोपी आणि मृत व्यक्ती यांची केवळ तोंडओळख होती असे समजून, पुन्हा वाचतो. उरलेला पुरावा स्वतःच्या बळावर खुन्याकडे बोट दाखवत असेल, तर कलह त्याला पुष्टी देतो. तसे नसेल, तर त्या कलहावरच शिक्षा झाली आहे असे समजावे, आणि कायदा त्याला परवानगी देत नाही.

तपशिलात शिरण्यापूर्वी मुदतीविषयी. उच्च न्यायालयात अपील दाखल करण्यासाठी शिक्षेच्या तारखेपासून ६० दिवस मिळतात; निकालाची प्रमाणित प्रत मिळण्यास लागलेला वेळ त्यातून वजा होतो. आरोपीला निकालाची एक प्रत विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. वकील ठरण्यास वेळ लागत असेल तर तुरुंग अधीक्षकांमार्फतही अपील पाठवता येते. कोठडीत असलेल्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते, आणि उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीच्या यादीवर या कामात मुरलेले वकील असतात. उशीर माफ करून घेता येतो. पण त्यासाठी अर्ज, खुलासा आणि सुनावणी यांत महिने जातात, आणि ते महिने बंधूंना तुरुंगात काढावे लागतात.

आता हेतूविषयी. आपला खटला ज्या जुन्या भारतीय पुरावा कायद्याने चालला, त्याच्या कलम ८ नुसार हेतू ही सुसंगत, म्हणजे पुराव्यात विचारात घेता येणारी, बाब आहे, आणि परिस्थितीजन्य पुराव्यावर उभ्या असलेल्या खटल्यात तिला वजनही असते. पोटगीचा बोजा, ताबा गमावल्याचा राग, फ्लॅट हातून गेल्याची चीड, यांतून खून होऊ शकतो हे कोणी नाकारत नाही. पण हेतू ही दुधारी गोष्ट आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत बजावले आहे. जी कटुता आरोपीला गुन्ह्याकडे नेऊ शकते, तीच कटुता मृत व्यक्तीच्या नातेवाइकांना त्याच्याकडे, आणि फक्त त्याच्याकडेच, बोट दाखवायला लावू शकते. १९५३ च्या दलीपसिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात न्यायमूर्ती व्हिवियन बोस यांनी दोन्ही बाजू एकत्र मांडल्या आहेत: जवळचा नातेवाईक खऱ्या गुन्हेगाराला सोडून निरपराध्याला अडकवण्याचा संभव सहसा कमी असतो, परंतु भावना प्रक्षुब्ध असतील आणि वैराचे वैयक्तिक कारण असेल, तर ज्याच्याविषयी आकस आहे त्यालाही गोवण्याकडे कल होऊ शकतो. सरकारी पक्ष यातले पहिले वाक्य वाचून दाखवतो आणि बचाव पक्ष दुसरे. न्यायालयाने दोन्ही वाचावीत अशी अपेक्षा आहे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे हा कलह फौजदारी न्यायालयासमोर सिद्ध कसा झाला. आपण दिलेल्या माहितीनुसार सरकारी पक्षाने घटस्फोटाच्या दाव्याची सगळी फाइलच हजर केली, आणि निकालपत्रात तिच्यातील उतारेच्या उतारे आले आहेत. इथे तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. पहिली गोष्ट म्हणजे अर्जातील कथने. पक्षकाराने दाव्यात जे लिहिले, ते त्याचे म्हणणे असते; केवळ नोटरीसमोर सही झाली म्हणून ते सिद्ध ठरत नाही. (घटस्फोटाच्या अर्जांची भाषा किती ठोकळेबाज असते हे कौटुंबिक न्यायालयात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, पुष्कळदा पक्षकाराच्या आयुष्यापेक्षा वकिलाच्या जुन्या मसुद्याचाच त्यावर अधिक प्रभाव असतो.) दाव्यात कडवट आरोप झाले, एवढी वस्तुस्थिती त्यातून सिद्ध होते. ते आरोप खरे होते, हे त्यातून सिद्ध होत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कौटुंबिक न्यायालयाचे निष्कर्ष. पतीने क्रूरता केली, असा निष्कर्ष घटस्फोटाच्या निकालात आहे, आणि सत्र न्यायाधीशांनी तो जसाच्या तसा उचलला आहे. १९७५ च्या दास्ताने विरुद्ध दास्ताने या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, वैवाहिक दाव्यातील क्रूरता शंकातीतपणे सिद्ध करावी लागत नाही. संभाव्यतेचे पारडे कोणाकडे झुकते एवढेच पाहिले जाते. म्हणजे त्या न्यायालयाने जे तपासले, ते फौजदारी खटल्याला लागणाऱ्या कसोटीवर तपासलेच नव्हते. शिवाय पुरावा कायद्याच्या कलम ४३ नुसार असा दिवाणी निकाल, त्याचे अस्तित्व हाच वादाचा मुद्दा असल्याशिवाय, सामान्यतः सुसंगत ठरत नाही. घटस्फोट झाला आणि अमुक पोटगी ठरली, हे दाखवण्यासाठी निकाल चालेल. पतीच्या स्वभावाचे प्रमाणपत्र म्हणून तो चालणार नाही. अपिलाच्या कारणांमध्ये हा मुद्दा स्वतंत्रपणे आणि वरच्या क्रमांकावर यावा असे माझे मत आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे "माझ्या जिवाला धोका आहे" हा तक्रारअर्ज, जो तिने मृत्यूच्या सात महिने आधी पोलिसांत दिला होता. मृत व्यक्तीचे कथन कलम ३२(१) खाली पुराव्यात येते, पण ते मृत्यूच्या कारणाविषयी किंवा ज्या घटनाक्रमाचे पर्यवसान मृत्यूत झाले त्याच्या परिस्थितीविषयी असावे लागते. १९३९ च्या पकाला नारायण स्वामी प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, सांगितले होते की, मृत्यूच्या प्रसंगाशी थेट निगडित नसलेली भीतीची किंवा संशयाची सर्वसाधारण वाक्ये या कलमात बसत नाहीत. पुढे आपल्याकडील न्यायालयांनी जवळिकीची ही कसोटी प्रकरणागणिक थोडी सैल केली आहे, त्यामुळे सात महिन्यांपूर्वीचा अर्ज आपोआप बाद होतो असे मी म्हणणार नाही. मात्र त्या सात महिन्यांत दोघांनी मुलीच्या भेटींचे वेळापत्रक सामंजस्याने ठरवले आणि पाळले, असे आपण लिहिता. ते अभिलेखावर आले असेल, तर त्या अर्जाचा मृत्यूशी असलेला धागा बराच पातळ होतो.

सरकारी पक्षाने बंधूंचे म्हणून हजर केलेल्या धमकीच्या मेसेजविषयी थोडक्यात. मेसेज खरे असतील तर ते हेतूला पुष्टी देतात, त्यात आडपडदा नको. ते कोणत्या मोबाइलमधून काढले, कलम ६५-ब चे (इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत द्यावे लागणारे) प्रमाणपत्र जोडले होते का, आणि संपूर्ण संभाषण हजर केले की निवडक चित्रे, एवढे पाहावे. २०१४ च्या अन्वर निकालाने आणि २०२० च्या अर्जुन पंडितराव खोतकर निकालाने हे प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले आहे. मूळ उपकरणच न्यायालयात हजर करून सिद्ध केले असेल तेव्हाच त्याची गरज उरत नाही. आणि "तुला बघून घेईन" हे वाक्य कौटुंबिक न्यायालयाच्या जिन्यावर इतक्या वेळा ऐकू येते, की त्यावरून खुनाचा निष्कर्ष काढायचा तर ती इमारत रिकामी करावी लागेल.

हेतू बाजूला ठेवला की उरतो तो परिस्थितीजन्य पुरावा, आणि त्याचे मोजमाप ज्या निकालाने ठरते तो वैवाहिक कलहातूनच आलेला आहे. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. लग्नानंतर अवघ्या चार महिन्यांत, जून १९८२ मध्ये, पुण्यातील एका विवाहितेचा सायनाइडने मृत्यू झाला. पतीला सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. पतीची वागणूक चांगली होती, असे त्या निकालाचे म्हणणे नाही. मृत्यूची दुसरी वाजवी शक्यता, म्हणजे आत्महत्या, पुराव्याने दूर झाली नव्हती, हे त्याचे म्हणणे आहे. न्यायमूर्ती फझल अली यांनी त्यात सांगितलेली पाच तत्त्वे आज प्रत्येक खून खटल्यात उद्धृत होतात: ज्या परिस्थितीवरून निष्कर्ष काढायचा ती पूर्णपणे सिद्ध हवी, ती आरोपीच्या दोषाशीच सुसंगत हवी, ती निर्णायक स्वरूपाची हवी, तिने दोषाखेरीज प्रत्येक शक्यता वगळली पाहिजे, आणि साखळी इतकी पूर्ण हवी की आरोपी निर्दोष असल्याच्या निष्कर्षाला वाजवी आधार उरू नये. त्याआधी १९७३ च्या शिवाजी साहेबराव बोबडे निकालात "केला असेल" आणि "केलाच असला पाहिजे" यांतील अंतर फार मोठे आहे, असे सांगितले गेले होते. आपल्या बंधूंच्या निकालपत्रात ही दोन्ही प्रकरणे उद्धृत झालेली आहेत. मात्र तत्त्वे लिहून झाल्यावर पुढच्या परिच्छेदात ती वापरली गेली का, हे दर वेळी तपासावे लागते, आणि इथे ती वापरलेली मला दिसत नाहीत.

शेजाऱ्याची साक्ष घ्या. त्याने संध्याकाळी सातच्या सुमारास जिन्यावर आपल्या बंधूंना पाहिले. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूची वेळ सात ते मध्यरात्र अशी दिली आहे. शेवटचे एकत्र दिसणे ही परिस्थिती तेव्हाच बोलते, जेव्हा पाहिल्याची वेळ आणि मृत्यूची वेळ यांतील अंतर इतके थोडे असते की मध्ये तिसरी व्यक्ती येण्याची शक्यताच उरत नाही. २००५ च्या उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध सतीश या निकालात हे नेमकेपणाने सांगितले आहे. इथे तर दोघांना एकत्र कोणी पाहिलेच नाही. जिना सर्वांचा असतो. शिवाय या शेजाऱ्याचा पोलिस जबाब घटनेनंतर अकराव्या दिवशी नोंदवला गेला, आणि "त्यांच्या हातात पिशवी होती, ते घाबरलेले दिसले" हा भाग त्या जबाबात नसून प्रथमच न्यायालयातील साक्षीत आला, असे आपण लिहिता. महत्त्वाचा तपशील पोलिस जबाबात नसणे हे विसंगतीइतकेच गंभीर ठरू शकते. मात्र ती उणीव उलटतपासणीत साक्षीदारासमोर ठेवून, नंतर तपासी अंमलदाराकडून सिद्ध करून घ्यावी लागते. बचावाच्या वकिलांनी हे दुसरे पाऊल टाकले होते का, ते तपासी अंमलदाराच्या उलटतपासणीच्या शेवटच्या काही परिच्छेदांत सापडेल. निकालपत्रात ते शोधू नका. साक्षीची मूळ नोंद मागवा.

निकालपत्रातील सर्वांत कमकुवत जागा मला कलम १०६ ची वाटते. (नव्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम १०९ आहे, आपला खटला जुन्या कायद्याने चालला.) विशेषतः आपल्यालाच माहीत असलेली बाब सिद्ध करण्याची जबाबदारी त्या व्यक्तीवर असते, असे हे कलम म्हणते. २००६ च्या त्रिमुख मारोती किरकन या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, घराच्या चार भिंतींआड पत्नीचा मृत्यू होतो आणि पती त्याच घरात राहत असतो, तेव्हा मृत्यू कसा झाला याचा खुलासा करण्याचे ओझे काही अंशी त्याच्यावर येते. सत्र न्यायाधीशांनी याचाच आधार घेतला आहे. पण त्रिमुख प्रकरणातील पती-पत्नी एका घरात राहत होते. इथे दोघे चार वर्षे विभक्त राहत होते आणि घटस्फोटही झालेला होता; त्या घराची किल्ली बंधूंकडे असल्याचा पुरावा नाही. ते त्या वेळी त्या घरात होते हे आधी सरकारी पक्षाने सिद्ध करायचे, आणि मगच आत काय घडले याचा खुलासा त्यांच्याकडे मागायचा. कलम १०६ हे सरकारी पक्षाला आपल्या मूळ जबाबदारीतून मुक्त करण्यासाठी नाही, हे १९५६ च्या शंभूनाथ मेहरा निकालापासून स्थिर आहे. घटस्फोटित जोडप्याला एका छपराखालच्या जोडप्याचा नियम लावणे ही कायद्याची चूक आहे, आणि कायद्याची चूक अपिलात दाखवणे हे पुराव्याचे वजन वादात घेण्यापेक्षा सोपे असते.

टॉवर लोकेशनवर फार वेळ घालवत नाही. टॉवर भाग दाखवतो, घर दाखवत नाही. बंधूंचे स्वतःचे घर त्याच टॉवरच्या किंवा शेजारच्या सेक्टरच्या कक्षेत येत असेल तर या पुराव्याला जवळपास काहीच अर्थ उरत नाही. म्हणून मागील महिन्याभराच्या संध्याकाळची लोकेशनही हजर केली होती का ते पाहा. केली असतील आणि ती वेगळी असतील, तर मात्र हा पुरावा बंधूंच्या विरोधात जातो.

शर्टाच्या जप्तीत अधिक खोल जावे लागेल. पोलिस कोठडीत आरोपीने सांगितलेल्या गोष्टींपैकी फक्त तेवढाच भाग कलम २७ खाली पुराव्यात येतो, ज्याचा नव्याने सापडलेल्या वस्तूशी थेट संबंध आहे. १९४७ च्या पुलुकुरी कोट्टय्या निकालापासून हा नियम आहे. "जो शर्ट घालून खून केला तो काढून देतो" या वाक्यातील "काढून देतो" एवढेच चालते, खुनाची कबुली वगळावी लागते. निवेदन पंचनाम्यात बंधूंचे नेमके शब्द लिहिले आहेत की तपासी अंमलदाराने आपल्या भाषेत सारांश दिला आहे, हे पाहा. २०२२ च्या सुब्रमण्य विरुद्ध कर्नाटक राज्य आणि रामानंद विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या दोन निकालांत अशा ढिलाईवर सर्वोच्च न्यायालयाने कठोर शब्दांत बोट ठेवले आहे. अटक होण्याआधी त्याच घराची झडती झाली होती आणि तेव्हा शर्ट सापडला नव्हता, असे आपण म्हणता. त्या पहिल्या झडतीचा पंचनामा अभिलेखावर असेल तर तो एकच कागद या अपिलातील सर्वांत मोलाचा कागद ठरू शकतो. त्यानंतर मुद्देमालाचा प्रवास तपासावा: शर्ट कधी मोहोरबंद झाला, पोलिस ठाण्याच्या मुद्देमाल कक्षात किती दिवस होता, न्यायवैद्यक प्रयोगशाळेत कोणी पोहोचवला, आणि तिथे मोहोर अभंग असल्याची नोंद आहे का. अहवालात फक्त रक्तगट जुळल्याचे आहे, डीएनए तपासणी झालेली नाही. रक्तगट लाखो लोकांचा एकच असतो. बंधूंचा स्वतःचा रक्तगटही तोच असेल आणि त्यांच्या रक्ताचा नमुना तुलनेसाठी घेतलाच नसेल, तर हा दुवा तुटल्यात जमा आहे.

मुलीच्या साक्षीविषयी मी जपून लिहितो, कारण या खटल्यातील सर्वांत वजनदार पुरावा तोच असू शकतो, आणि बचाव पक्ष बहुधा तो सर्वांत वाईट पद्धतीने हाताळतो. आईने मृत्यूपूर्वी काही क्षण उच्चारलेले शब्द पुराव्यात येऊ शकतात. मूल लहान आहे म्हणून त्याची साक्ष बाद होत नाही. प्रश्न समजून सुसंगत उत्तर देता येते एवढे पुरेसे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेश राज्य विरुद्ध बलवीर सिंग या प्रकरणात, आईच्या खुनाबद्दल वडिलांविरुद्ध साक्ष देणाऱ्या लहान मुलीवर सर्वोच्च न्यायालयाने विश्वास ठेवला आणि उच्च न्यायालयाने केलेली मुक्तता रद्द केली. तिचा जबाब उशिरा नोंदवला गेला होता, तरीही. त्यामुळे मुलीचा जबाब एकोणीस दिवस उशिरा नोंदवला गेला आणि ती आजोळच्या ताब्यात होती, एवढ्यावर ही साक्ष कोसळेल अशी आशा धरू नका. पढवणूक झाली असे म्हणायचे तर साक्षीत तिच्या खुणा दाखवाव्या लागतात: मुलाच्या तोंडी न शोभणारे शब्द, आजीच्या साक्षीशी शब्दशः जुळणारी वाक्ये, आधीच्या जबाबात नसलेली भर.

माझ्या मते इथे लढाई वेगळ्या जागी आहे. मुलगी खरे बोलते असे पूर्णपणे मान्य केले, तरी आईच्या त्या वाक्यातून येणारा ओळखीचा पुरुष होता एवढेच निष्पन्न होते. मुलीने वडिलांचा आवाज ऐकल्याचे सांगितलेले नाही. आईने नाव घेतलेले नाही. "बाबाच आले असणार" हे तिने साक्षीत म्हटले, पण तो तिचा तर्क आहे, आणि साक्षीदाराचा तर्क हा पुरावा नव्हे. साक्ष खोटी न ठरवता तिची व्याप्ती मोजायची, ही भूमिका खंडपीठासमोर अधिक टिकते. मुलीसाठीही ती कमी क्रूर आहे.

बंधूंची स्वतःची बाजू मात्र दुबळी दिसते, ती झाकून चालणार नाही. त्या संध्याकाळी आपण मित्राकडे होतो असे त्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ खालील जबाबात (ज्यात न्यायालय पुराव्याविषयी आरोपीला स्वतः प्रश्न विचारते) सांगितले आणि त्या मित्राला साक्षीसाठी बोलावले नाही. अन्यत्र असल्याचा बचाव घेणाऱ्याने तो सिद्ध करायचा असतो. तो सिद्ध झाला नाही, म्हणजे सरकारी पक्षाचा खटला सिद्ध झाला, असे मात्र होत नाही: साखळी आधीच पूर्ण असेल तर खोटा खुलासा तिला आणखी एक दुवा जोडतो, अपूर्ण साखळी तो पूर्ण करत नाही, हेही सारडा निकालातच आहे. त्याच निकालाचा आणखी एक उपयोग आहे. जी परिस्थिती ३१३ च्या जबाबात आरोपीसमोर प्रश्नरूपाने ठेवलीच नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. म्हणून विचारलेल्या प्रश्नांची यादी निकालपत्रातील निष्कर्षांशी ताडून पाहावी.

सगळे जमेस धरून माझे मत असे: पहिल्या झडतीचा पंचनामा आपण म्हणता तसा असेल, रक्ताची तुलना झालेली नसेल आणि शेजाऱ्याच्या साक्षीतील भर पोलिस जबाबात नव्हती हे नीट सिद्ध झाले असेल, तर हे अपील बळकट आहे. याउलट इमारतीच्या प्रवेशद्वारावरील सीसीटीव्हीत बंधू दिसत असतील, किंवा टॉवरची नोंद त्यांच्या नेहमीच्या संध्याकाळपेक्षा वेगळी असेल, तर शेजारी, मुलगी आणि शर्ट हे तीन मध्यम ताकदीचे दुवे एकमेकांना आधार देऊ लागतात, आणि मग हेतूही खऱ्या अर्थाने बोलू लागतो. सीसीटीव्ही फुटेज पोलिसांनी नेले पण न्यायालयात दाखल केले नाही, हे आपण ओझरते लिहिले आहे. २०१५ च्या टोमासो ब्रुनो प्रकरणात वाराणसीच्या एका हॉटेलचे फुटेज हजर न केल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने सरकारी पक्षाविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढले आणि दोन परदेशी आरोपींची मुक्तता केली. फुटेजच्या जप्तीची नोंद स्टेशन डायरीत किंवा दोषारोपपत्राच्या यादीत आहे का ते शोधा. ते अजून अस्तित्वात असेल, तर अतिरिक्त पुरावा म्हणून ते मागवण्याचा अर्ज अपिलात करता येतो. पण फुटेजमध्ये काय आहे हे बंधूंना ठाऊक असणार. अर्ज करण्यापूर्वी वकिलांनी त्यांना तुरुंगात एकांतात भेटून हा एक प्रश्न विचारावा, आणि आपण त्या भेटीत नसावे.

प्रक्रियेविषयी उरलेले. पहिल्या अपिलात उच्च न्यायालय वस्तुस्थिती आणि कायदा दोन्ही नव्याने पाहते. सत्र न्यायाधीशांचे निष्कर्ष बरोबर दिसतात एवढे म्हणून थांबणे पुरेसे नाही, खंडपीठाने पुरावा स्वतः पारखला पाहिजे. अपिलासोबत शिक्षा स्थगित करून जामीन मिळावा असा अर्ज द्यावा. जन्मठेपेच्या प्रकरणात सरकारी वकिलांना लेखी म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय तो मंजूर होत नाही, आणि या टप्प्यावर न्यायालय पुरावा बारकाईने न तोलता निकालात ठळक, दिसताक्षणी जाणवणारी चूक आहे का एवढेच पाहते. कलम १०६ चा मुद्दा इथे पुढे करावा. अर्ज फेटाळला गेला तरी, अपील वाजवी काळात सुनावणीस येत नसेल तर कैद्याला आत ठेवणे न्याय्य नाही, हा १९७७ च्या काश्मिरासिंग विरुद्ध पंजाब राज्य निकालाचा आधार पुढे कामी येतो. मृत महिलेच्या आईवडिलांनाही सरकार पक्षाला साहाय्य करण्याचा आणि मुक्तता झाल्यास तिला आव्हान देण्याचा मार्ग खुला आहे, हे गृहीत धरून चाला. उच्च न्यायालयानंतर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका करता येते, पण तिथे वस्तुस्थितीत सहसा पुन्हा शिरत नाहीत. म्हणून पैसा, वेळ आणि वकिलाची निवड यांचा सगळा भर या पहिल्या अपिलावर ठेवावा.

आणखी एक सूचना, जी आपण विचारलेली नाही. अपील प्रलंबित असताना आपल्या घरातील कोणीही शेजाऱ्याला किंवा मुलीच्या आजोळच्या मंडळींना खटल्याविषयी भेटू नये, निरोप पाठवू नये, आणि मुलीला तर मुळीच काही विचारू नये. साक्षीदारावर दबाव आणल्याची एक तक्रार जामिनाचा अर्ज बुडवायला पुरेशी आहे. आत्या म्हणून मुलीला भेटण्याची आपली इच्छा मी समजू शकतो. त्यासाठी पालकत्वाच्या कायद्याखाली सक्षम न्यायालयात वेगळा अर्ज करावा, अपील चालवणाऱ्या वकिलांना त्याची आधी कल्पना द्यावी, आणि त्या अर्जात या खुनाविषयी, बाजूने किंवा विरुद्ध, एक ओळही लिहू नये.